दृष्टिपटलावरील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे संगणकीय वाचन

मानवी शरीरातील सूक्ष्म रक्तवाहिन्या कोणतीही चीरफाड न करता थेट पाहता येतील असे ठिकाण म्हणजे डोळ्याच्या मागील बाजूस असलेले दृष्टिपटल. जर्मन शास्त्रज्ञ हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये नेत्रदर्शक उपकरण जगापुढे आणले आणि या रक्तवाहिन्यांचे जाळे वैद्यकाच्या दृष्टीस पडू लागले. पुढे त्यांची छायाचित्रे घेता येऊ लागली. आता ही छायाचित्रे वाचण्याचे काम संगणकही करीत आहे.

या तंत्राची सर्वाधिक गरज मधुमेहाच्या रुग्णांना आहे. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिल्यास सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंती दुबळ्या होतात. प्रथम त्यांवर बारीक फुगवटे येतात, नंतर रक्तस्राव होतो, द्रव व स्निग्ध पदार्थ पाझरून पिवळसर डाग पडतात. पुढच्या टप्प्यात नव्या परंतु ठिसूळ वाहिन्या फुटतात आणि दृष्टी जाण्याचा धोका निर्माण होतो. प्रारंभी रुग्णाला ना वेदना होतात, ना अंधुक दिसते. विकार वेळीच ओळखल्यास लेसर किंवा इंजेक्शनच्या उपचारांनी बहुतेकांची दृष्टी वाचविता येते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे सुमारे १०.१ कोटी रुग्ण आहेत. एवढ्या लोकांची नियमित नेत्रतपासणी केवळ नेत्रतज्ज्ञांच्या बळावर होणे कठीण आहे.

संगणकाला रक्तवाहिनी ओळखण्यास शिकविण्याच्या प्रारंभीच्या प्रयत्नांत १९८९ मधील एका शोधनिबंधाचे स्थान महत्त्वाचे आहे. त्याचे प्रमुख लेखक सुभाषिस चौधुरी पुढे मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे संचालक झाले. छायाचित्रात रक्तवाहिनी मध्यभागी सर्वांत गडद असते आणि कडांकडे उजळत जाते. याच आकाराचा एक गणिती साचा तयार करून तो १५-१५ अंशांनी फिरवीत १२ दिशांनी चित्रावर ताडून पाहिला जाई. साचा जेथे उत्तम जुळे, तेथे वाहिनी असल्याचे मानले जाई. अशा रीतीने जाळे वेगळे काढले की वाहिन्यांची रुंदी, वळणे आणि शाखा मोजता येतात.

त्यानंतरची पद्धत निराळी आहे. तीत साचा माणूस ठरवीत नाही. तज्ज्ञांनी तपासलेली असंख्य चित्रे पाहून संगणकच विकाराच्या खुणा शिकतो. गूगलच्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १,२८,१७५ चित्रे वापरण्यात आली. त्यांपैकी काही भारतातील नेत्र रुग्णालयांतून मिळाली होती. प्रत्येक चित्र ५४ तज्ज्ञांच्या गटातील तीन ते सात जणांनी तपासले होते. महाराष्ट्राचेही या क्षेत्रात योगदान आहे. नांदेड येथील एका नेत्रचिकित्सालयातील ५१६ चित्रांचा संच तेथील श्री गुरु गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०१८ मध्ये जगभरच्या अभ्यासकांना खुला केला. त्यातील ८१ चित्रांत विकाराची प्रत्येक खूण बिंदुनिहाय दर्शविलेली आहे.

११ एप्रिल २०१८ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘आयडीएक्स-डीआर’ या प्रणालीला परवानगी दिली. तज्ज्ञाने चित्र पाहिल्याविना निष्कर्ष देणारी ही प्रणाली १० ठिकाणच्या ९०० मधुमेही रुग्णांच्या चित्रांवर तपासण्यात आली होती. सौम्य पातळीपलीकडचा विकार तिने ८७.४ टक्के वेळा अचूक ओळखला. तसा विकार नसल्याचे ८९.५ टक्के वेळा बरोबर सांगितले. याचाच अर्थ, अशा शंभर रुग्णांमागे सुमारे तेरा जण तिच्या नजरेतून सुटले. निष्कर्ष नकारार्थी आल्यास रुग्णाने १२ महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी, असा संदेश ही प्रणाली देते. त्यामुळे सुटलेल्या रुग्णाचे एक वर्ष वाया जाऊ शकते. ही उणीव कमी करण्यासाठी प्रणाली अधिक सावध ठेवता येते. मात्र तसे केल्यास निरोगी व्यक्तींनाही मोठ्या रुग्णालयात विनाकारण जावे लागते. हा तोल कोठे साधावा, हा प्रश्न गणिताइतकाच वैद्यकीय विवेकाचाही आहे.

प्रयोगशाळेतील यश दवाखान्यात तसेच उतरेल, याचीही हमी नसते. थायलंडमधील चिकित्सालयांत गूगलची प्रणाली वापरली गेली, तेव्हा पहिल्या सहा महिन्यांतील १,८३८ चित्रांपैकी २१ टक्के चित्रे तपासणीयोग्य नसल्याचे सांगून तिने ती नाकारली. अनेक ठिकाणी अंधारी खोली उपलब्ध नव्हती आणि चित्रे अस्पष्ट येत होती. चित्र नाकारले गेलेल्या रुग्णांना तज्ज्ञाकडे जाण्यास सांगण्यात येई. त्यासाठी त्यांना प्रवास करावा लागे व कामाचा दिवस बुडे.

त्यामुळे संगणकीय विश्लेषण ही चाळणी आहे, उपचार नव्हे. स्पष्ट चित्र घेणारा प्रशिक्षित कर्मचारी, पुढील उपचारांसाठी आवाक्यातील रुग्णालय आणि तेथवर पोहोचण्याची रुग्णाची ऐपत या तिन्ही गोष्टी जुळल्या, तरच चाळणीत सापडलेल्या रुग्णाची दृष्टी वाचू शकते.