बायकांच्या संघटनेनं उभं केलेलं जनावरांचं इस्पितळ



जनावरांचा दवाखाना म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दोन खोल्यांची इमारत येते. बाहेर गाई-म्हशींना अडकवायचा लोखंडी खोडा आणि आत लसींचा फ्रिज. आज आपण अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहरातल्या एका इस्पितळाचा इतिहास ऐकणार आहोत. तिथं कुत्री, मांजरं, पक्षी, ससे अशा पाळीव प्राण्यांवर रात्रंदिवस उपचार होतात. हृदयाचे, डोळ्यांचे, हाडांचे, कॅन्सरचे वेगवेगळे डॉक्टर आहेत. एकूण शंभराहून जास्त पशुवैद्य तिथं काम करतात.

आमच्या बैठकीत हे वाचलं तेव्हा बायकांनी लगेच विचारलं, "इथं माणसाला वेळेवर डॉक्टर मिळेना, आणि कुत्र्यामांजरांचे एवढे लाड?" प्रश्न रास्त आहे. पण या इस्पितळाची सुरुवात लाडातून झालेली नाही. ती झाली गरिबाच्या घोड्यापासून.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं न्यूयॉर्क घोड्यांवर चालायचं. एकट्या मॅनहॅटन भागात लाखाहून जास्त घोडे होते. दूध, कोळसा, बर्फ, भाजीपाला, सगळं घोडागाडीतून यायचं. १८७२ साली अमेरिकेत घोड्यांना फ्लूची साथ आली, तेव्हा शहरंच्या शहरं ठप्प झाली. बोस्टन शहरात त्याच वेळी मोठी आग लागली, आणि आगीचे बंब माणसांना ओढत न्यावे लागले. जनावर आजारी पडलं की माणसाचं काय होतं, ते तेव्हा सगळ्यांना कळलं.

गाडीवाल्याचं तर सगळं पोट घोड्यावर. घोडा लंगडला की दिवसाची मजुरी बुडाली, आणि घोडा मेला की घरच बसलं. उपचाराला पैसे नसायचे, म्हणून दुखऱ्या पायानंच त्याला गाडीला जुंपायचे. बैलजोडीवर किंवा एका म्हशीवर संसार असलेल्या बाईला हे वेगळं सांगायला नको.

प्राण्यांवरची क्रूरता थांबवणारी एक मोठी संस्था न्यूयॉर्कमध्ये १८६६ पासून होती. १९०६ साली एलिन प्रिन्स स्पायर या बाईंनी पुढाकार घेऊन त्या संस्थेला मदत करणारी महिलांची शाखा उभी केली. दुसऱ्याच वर्षी, १९०७ मध्ये, या महिलांनी कष्टाच्या घोड्यांची मिरवणूक काढली. ज्यानं आपला घोडा नीट राखला, त्याला बक्षीस. आपला पोळाच म्हणा ना! दंड करण्याआधी चांगल्याचं कौतुक करायचं, हा त्यांचा मार्ग होता.

पण कौतुकानं जखम बरी होत नाही. १९१० साली या महिलांनी स्वतंत्र संघटना केली, न्यूयॉर्क विमेन्स लीग फॉर ॲनिमल्स. त्याच वर्षी शहराच्या गरीब वस्तीच्या भागात त्यांनी बाह्यरुग्ण दवाखाना उघडला. ज्यांना फी परवडत नाही, त्यांच्या जनावरांवर तिथं उपचार व्हायचे. जनावर दाखवायचं, औषध घ्यायचं, घरी न्यायचं, एवढीच सोय. पण मोडलेल्या पायाला किंवा ऑपरेशनला एवढ्यानं भागत नाही. म्हणून देणग्या जमवून १९१४ साली लाफायेट रस्त्यावर त्यांनी जनावरांना दाखल करून घेता येईल असं इस्पितळ उभं केलं.

इथं एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. न्यूयॉर्क राज्यात बायकांना मतदानाचा हक्क मिळाला १९१७ साली. म्हणजे ज्यांना मत द्यायचा अधिकार नव्हता, त्या बायकांनी तीन वर्षं आधी इस्पितळ बांधून चालवायला घेतलं होतं. स्पायरबाई श्रीमंत घरातल्या होत्या, हे खरं. त्यांची आणि आपली ऐपत सारखी नाही. पण कामाचा क्रम आपल्या ओळखीचा आहे. आधी एकत्र येणं, मग छोटा दवाखाना, मग इमारत.

पुढं मोटारी आल्या आणि रस्त्यावरचे घोडे कमी झाले. इस्पितळ मात्र बंद पडलं नाही. घोड्यांच्या जागी घराघरांतली कुत्री-मांजरं येऊ लागली. १९६२ साली ते शहराच्या पूर्व भागातल्या मोठ्या इमारतीत गेलं आणि ॲनिमल मेडिकल सेंटर या नावानं ओळखलं जाऊ लागलं. २०२१ साली श्वार्झमन दांपत्यानं अडीच कोटी डॉलरची देणगी दिली, तेव्हा त्यांचं नाव इस्पितळाला जोडलं गेलं. आज तिथले उपचार स्वस्त नाहीत. गरजूंसाठी देणग्यांतून वेगळे निधी ठेवावे लागतात.

तिथं काम कसं चालतं? आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून चिठ्ठी देऊन पेशंटला जिल्हा रुग्णालयात पाठवतात ना, तसंच. गल्लीतला पशुवैद्य नेहमीचं दुखणं बघतो आणि हाताबाहेरचं इथं पाठवतो. तातडीच्या विभागात आधी आला त्याचा नंबर आधी, असं नसतं. ज्याचा श्वास अडकलाय, त्याला आधी आत घेतात.

रोजच्या नोंदी नीट ठेवल्यानं ज्ञानही वाढतं. उंच इमारतींच्या खिडक्यांतून मांजरं पडायची. अशा १३२ मांजरांच्या नोंदी तपासून इथल्या डॉक्टरांनी १९८७ साली अभ्यास छापला. उपचार मिळालेल्या दहातली नऊ मांजरं वाचली होती.

आपल्या मुंबईचा इतिहास तर याहून जुना आहे. परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांचं इस्पितळ १८८० च्या दशकातलं. दिनशा पेटिट यांनी आपल्या पत्नीचं नाव त्याला दिलं. त्याच आवारात १८८६ साली मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. आणि २०२४ मध्ये महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं छोट्या प्राण्यांचं, चोवीस तास चालणारं इस्पितळ उघडलं.

पण मुंबई आपल्यापासून लांब. आपल्याला शहाणपण घ्यायचंय ते चिठ्ठीच्या साखळीचं. आपल्याकडंही ती साखळी आहे. गावात पशुसखी, जवळ पशुवैद्यकीय दवाखाना, तालुक्याला आणि जिल्ह्याला सर्वचिकित्सालय. फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा टोल फ्री नंबर आहे. न्यूयॉर्कचं इस्पितळ मोठ्या इमारतीत गेलं ते सालही १९६२च, म्हणजे विसरायला नको. साखळी कागदावर असते, तुटते ती रात्री. म्हैस अडते, शेळीचं पोट फुगतं, आणि फोन कुणाला करायचा हेच ठाऊक नसतं.

म्हणून पुढच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की तीन गोष्टी वहीत लिहून घेऊ या. जवळच्या दवाखान्याचा आणि पशुसखीचा फोन. रात्री कुणाचा टेंपो मिळेल, त्याचं नाव. आणि जनावराच्या तातडीच्या उपचारासाठी गटातून लगेच किती रक्कम देता येईल, तो ठराव. वही कुणाच्या घरी राहील, तेही त्याच दिवशी ठरवू.