माळेगावची चाल

नांदेड-लातूर रस्त्यावरच्या माळेगावात मार्गशीर्ष अमावस्येच्या सुमारास खंडोबाची जत्रा भरते. देवच घोड्यावरचा, तेव्हा घोडेबाजार भरला नाही तरच नवल!

दात बघून वय कळतं. चाल कळायला मांड ठोकावी लागते. मारवाडी-काठेवाडी घोड्यांची रेवाल म्हणजे एका बाजूचे पाय पाठोपाठ टाकत जाणं. स्वाराचं बूड खोगिरावरून हलत नाही. दुडकीत तेच बूड आपटतं. तीन टापांची धाव आणखी निराळी: टप-टप-टप, मग क्षणभर चारही खूर अधांतरी. ढांग लांब असेल तर झोपाळा, आखूड असेल तर खडबडीत रस्त्यावरची बैलगाडी.

घोड्यांचा मान नांदेड शहरातही आहे. 1708 साली गुरू गोविंदसिंग तिथे आले. त्यांच्या घोड्यांचा वंश म्हणून सचखंड गुरुद्वाऱ्यात सांभाळलेले घोडे मिरवणुकीत सजून निघतात, रिकाम्या पाठीनं.