शोलाकिळीची बदलती नावे

निलगिरीच्या माथ्यावर गवताळ माळांमधल्या घळींत बुटक्या झाडांची दाट राने आढळतात. त्यांना 'शोला' म्हणतात. या रानांच्या अंधाऱ्या तळाशी किडे टिपत हिंडणारा निळसर छोटा पक्षी म्हणजे शोलाकिळी. मल्याळममध्ये 'किळी' म्हणजे पक्षी.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मद्रास सैन्यातील डॉक्टर जेर्डन यांनी निलगिरीतल्या तांबूस कुशीच्या पक्ष्याचे वर्णन केले व त्याला थिरथिऱ्यांच्या प्रजातीत बसवले. १८६८ साली ब्लॅनफर्ड यांनी पळणी डोंगरांतला पांढऱ्या पोटाचा पक्षी वेगळी जाती म्हणून नोंदवला. विसाव्या शतकात मात्र या दोघांना 'आखूडपंखी' पक्ष्यांत घालून एकाच जातीच्या दोन उपजाती मानले गेले. तुलना होती ती मुख्यतः बाह्य रूपाची.

आता भारताचा नकाशा पाहू. निलगिरी आणि पळणी यांच्यामध्ये ३०-४० किलोमीटर रुंद पालघाट खिंड आहे. तिथे ना उंची, ना शोला. दाट रान न सोडणाऱ्या पक्ष्याला ही खिंड समुद्रासारखीच! २००५ मध्ये रासमुसेन व अँडरटन यांनी दोन्ही पक्षी पुन्हा वेगळे मानले. व्ही. व्ही. रॉबिन आणि सहकाऱ्यांनी डोंगराडोंगरांतील पक्ष्यांच्या रक्तातील डी.एन.ए. तपासला. खिंडीच्या दोन बाजूंचे पक्षी लाखो वर्षांपूर्वीच दुरावलेले निघाले. २०१७ साली तर ते आखूडपंखी नसून माशीमारांच्या गोतातले असल्याचे दिसले आणि त्यांच्यासाठी 'शोलिकोला', म्हणजे शोलात राहणारा, ही नवी प्रजाती केली गेली. शेनकोट्टा खिंडीच्या दक्षिणेकडील पक्ष्यालाही तेव्हाच नाव मिळाले. ती जाती की उपजाती, यावर मतभेद आहेत.

नावांच्या या खटाटोपाने काय साधले, असे विद्यार्थी विचारतील. दोन्ही पक्षी एकच जाती असतील, तर निलगिरीतली राने गेली तरी पळणीत ती जाती उरते. वेगळ्या असतील, तर निलगिरीतली जाती पृथ्वीवरूनच नाहीशी होते. चहाचे मळे, निलगिरी आणि वॅटल यांच्या लागवडीने या डोंगरांचे रूप पालटलेले आहे. निलगिरीचे झाड मूळचे ऑस्ट्रेलियाचे; आपण मात्र त्याला या डोंगराचेच नाव दिले. खऱ्या निलगिरीकराला स्वतःचे नाव मिळायला २०१७ साल उजाडले!