काटा आणि मुटका

वसईच्या आमच्या घरी भिंग मासळी शिजली की आजी पान वाढतानाच ताकीद द्यायची, "जेवताना बोलायचं नाही." भिंग चवीला राजा, पण काट्यांचं आगर. मी सात वर्षांचा असताना बोललोच आणि काटा घशात रुतला. आजीने भाताचा मुटका वळला, न चावता गिळायला लावला आणि माझा गळा चोळत संत ब्लेझचं नाव घेतलं. तिसऱ्या मुटक्याला काटा उतरला. "कोणामुळे गेला, भातामुळे की संतामुळे?" मी विचारलं. "दोघांमुळे. तो बिशप होण्याआधी डॉक्टर होता, पोरा. त्याला भाताचं वावडं कशाला असेल?"

त्या रात्री तिने गोष्ट सांगितली. सेबास्ते, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं सिवास. ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू झाला तेव्हा ब्लेझ गुहेत राहिला. आजारी जनावरं त्याच्याकडे यायची. त्याला धरून नेत असताना एका बाईने आपलं पोर पुढे केलं. पोराच्या घशात माशाचा काटा! एका गरीब विधवेचं डुक्कर त्याने लांडग्याच्या तोंडातून सोडवलं होतं, तिने तुरुंगात मेणबत्त्या नेऊन दिल्या. शेवटी लोकर विंचरायच्या लोखंडी फण्यांनी त्याचं अंग सोलून शिरच्छेद केला. पुढे लोकर विंचरणाऱ्यांनीच त्याला आपला पालक संत मानलं.

मोठेपणी पुस्तकं चाळली. त्याचा मृत्यू साधारण 316 चा, सम्राट लिसिनियसच्या काळातला मानतात. चरित्र मात्र कित्येक शतकांनंतर लिहिलेलं. म्हणजे आजीच्या गोष्टीतला इतिहास चिमूटभरच. पण सहाव्या शतकातल्या अमिडाच्या एटियस या वैद्याने आपल्या ग्रीक वैद्यकग्रंथात घशातल्या काट्यावर उपाय सांगताना ब्लेझचं नाव घ्यायला सांगितलंय. औषधाच्या जोडीला संत! आजीने एटियसचं नावही ऐकलं नव्हतं.

क्रोएशियातलं दुब्रोवनिक शहर 972 पासून त्याचा सण करत आलंय, अशी तिथली परंपरा आहे. 2009 मध्ये युनेस्कोने त्या सणाची नोंद घेतली. इकडे अंधेरीच्या अंबोलीतलं चर्च त्याच्याच नावाचं. 3 फेब्रुवारीला फादर दोन मेणबत्त्या फुलीसारख्या धरून गळ्याला लावतात आणि आशीर्वाद देतात. मेणाचा थंड स्पर्श हनुवटीखाली झाला की मला आजीचा खरखरीत हात आठवतो.

आता काटा अडकला तर मुलांना मी मुटका देत नाही, डॉक्टरकडे नेतो. रिक्षात मात्र नाव त्याचंच घेतो.