संयुक्त ‘मानापमाना’चा प्रयोग व गोविंदराव टेंबे

लोककार्यासाठीं नाटकाचा खेळ लावून त्याचें उत्पन्न अर्पण करण्याची रीत महाराष्ट्रांत जुनी आहे. या रीतींतील सर्वांत गाजलेला प्रसंग म्हणजे शुक्रवार, ता. 8 जुलै 1921 (आषाढ, शके 1843) रोजीं मुंबईस बालीवाला थिएटरांत झालेला संगीत ‘मानापमान’ नाटकाचा संयुक्त प्रयोग. तो टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठीं होता. गंधर्व नाटक मंडळी व ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी मंडळ्या त्यासाठीं एका रंगभूमीवर आल्या. भामिनीची भूमिका बालगंधर्वांनीं व धैर्यधराची केशवराव भोसल्यांनीं केली.

या प्रयोगाविषयीं आजवर जें लिहिलें व सांगितलें गेलें, तें बहुतांशीं या दोन गायक नटांच्या चुरशीचें वर्णन आहे. चुरस होती, हें आम्हांस मान्य आहे. तथापि आमच्या मतें या प्रयोगाचें ऐतिहासिक महत्त्व निराळें आहे. 1911 सालीं एका मंडळीसाठीं बांधलेल्या चाली दहा वर्षांत सर्व नाट्यव्यवसायाचें समाईक धन झाल्या होत्या, याचा हा प्रयोग पुरावा होय. आणि त्या चाली बांधणारे गोविंदराव टेंबे त्या वेळीं या दोहोंपैकीं एकाहि मंडळींत नव्हते.

प्रथम कालक्रम पाहूं. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर 1910 सालीं सरकारनें बंदी घातली. लोकमान्य तेव्हां मंडालेस होते. त्यानंतर खाडिलकरांनीं किर्लोस्कर मंडळीसाठीं ‘मानापमान’ लिहिलें व त्याचा पहिला प्रयोग ता. 12 मार्च 1911 रोजीं मुंबईस झाला. लोकमान्य ता. 1 ऑगस्ट 1920 रोजीं निवर्तले. त्यांच्या नांवें ता. 30 जून 1921 पर्यंत एक कोटि रुपये जमविण्याचा ठराव त्या वर्षाच्या मार्च महिन्याच्या अखेरीस बेझवाड्याच्या बैठकींत झाला. संयुक्त प्रयोग या मुदतीनंतर आठ दिवसांनीं झालेला आहे. तेव्हां मुदत संपत आल्याची घाई हें कारण त्यास लावतां येत नाहीं. गुरूच्या नांवाचा फंड, शिष्याचें नाटक, असा हा योग होता. शिवाय ज्या नाटकांत धनाचा गर्व बाळगणारी नायिका शेवटीं शौर्यापुढें नमते, तेंच धन जमविण्यासाठीं निवडलें गेलें, हीहि गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

आतां संगीताकडे वळूं. टेंबे (1881–1955) हे हार्मोनियमवादक म्हणून प्रसिद्धीस आले. भास्करबुवा बखल्यांचा सहवास त्यांस लाभला होता. ‘मानापमाना’च्या चाली बांधतांना त्यांनीं किर्लोस्करी परंपरेंतील साकी-दिंडीच्या वळणावर न थांबतां ख्यालाबरोबरच उत्तरेकडील ठुमरी, दादरा यांचा ढंग रंगभूमीवर आणला. 1913 सालीं बालगंधर्व व गणपतराव बोडस यांच्याबरोबर त्यांनीं गंधर्व नाटक मंडळी स्थापिली. पुढें ती सोडून शिवराज नाटक मंडळी काढली. केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श तर 1908 सालीं हुबळीस, किर्लोस्कर मंडळीहून स्वतंत्रपणें, जन्मास आलेली. अशा दोन मंडळ्यांतील नटांस एकमेकांसमोर उभें राहून एकच नाटक गातां आलें, त्याचें कारण नाटकाच्या शब्दांइतकेंच त्याच्या चालींत आहे. मंडळ्यांच्या शिस्ती निराळ्या, गायकी निराळी. पण चाल दोघांसहि ठाऊक होती. निधीस रुपये प्रेक्षकांनीं दिले, गळा नटांनीं दिला. टेंब्यांचें देणें त्यापूर्वीं दहा वर्षें देऊन झालेलें होतें.

येथें हस्तलिखितें व जुने कागद जमविणारांस एक सूचना करावीशी वाटते. संगीत नाटकांच्या जुन्या छापील प्रतींत पदाच्या शिरोभागीं राग, ताल व ‘चाल’ दिलेली असते. ‘चाल’ म्हणजे ज्या मूळ चिजेवर पद बेतलें तिचे आरंभींचे शब्द. वाचक ती ओळ सोडून पुढें जातो. पण संगीतकारानें कोठून काय घेतलें, हें सांगणारा अस्सल कागद तोच. त्याजबरोबर प्रयोगाच्या वेळीं विकावयाच्या पदांच्या पुस्तिका, नटाच्या हातची नक्कल, तिकिटांचे दर छापलेलीं हँडबिलें व मंडळीची रोजकीर्द हीं एकत्र लावल्याखेरीज एकाहि प्रयोगाचा इतिहास पुरा होत नाहीं. बखर जशी दप्तरावर ताडून पाहावी, तशी नाट्यसृष्टींतील आठवण हँडबिलावर ताडून पाहिली पाहिजे.

हें काम लांबणीवर टाकण्यासारखें नाहीं. केशवराव या प्रयोगानंतर तीन महिन्यांच्या आंत, ता. 4 ऑक्टोबर 1921 रोजीं, अवघ्या एकतिसाव्या वर्षीं वारले. कोल्हापुरांतील त्यांच्या नांवाचें नाट्यगृह, म्हणजे शाहू महाराजांच्या कारकीर्दींतील पॅलेस थिएटर, ता. 8 ऑगस्ट 2024 रोजीं, त्यांच्या जन्मदिवसाच्या आदल्या रात्रीं, आगीच्या भक्ष्यस्थानीं पडलें. वास्तूची ही गत, तर कागदाची काय कथा! पुण्यांत आग लागावयास नको. पेठांतील वाडे पडत आहेत व तेथील बिऱ्हाडें कोथरूड, वडगांव, धायरी अशा बाजूंस नव्या इमारतींत जात आहेत. सिंहगडाच्या वाटेवरील धायरी, जें एके काळीं शेतावाडीचें गांव होतें, तेथील सदनिकांत आतां आजोबांची ट्रंक उघडली जाते. त्यांतील खरेदीखतें जपून ठेवतात. नाटकाचीं हँडबिलें, पदांच्या वह्या रद्दींत जातात.

आमची विनंति एवढीच कीं, अशी ट्रंक उघडली जाईल तेथें संग्राहकांनीं आधीं पोहोंचावें. कागद न मिळाल्यास निदान त्याची नक्कल उतरून घ्यावी, आणि तो कोणत्या गांवीं, कोणत्या कागदांसमवेत मिळाला, याची नोंद त्याच दिवशीं करावी. भामिनी व धैर्यधर यांचीं नांवें लोक विसरणार नाहींत. पदाच्या डोक्यावर बारीक टाइपांत छापलेली ती एक ओळ मात्र आपण सांभाळली तरच राहील.