वळिवडे : पंचगंगेकाठचे पोलिश गाव

गावाचा भूगोल म्हणजे डोंगर, नदी आणि शिवार एवढेच काय? उत्तन, डोंगरी, पाली, चौक या आमच्या गावांत वाढलेल्यांना तसे वाटणार नाही. चर्च, शाळा, विहीर आणि दफनभूमी यांवाचून आम्हाला गावाची कल्पनाच करवत नाही. गावाचा असाच नकाशा मनात जपलेल्या परदेशी कॅथलिकांनी एकेकाळी कोल्हापूरजवळ आपले गाव वसविले होते.

१९३९ साली जर्मनी व सोव्हिएत रशिया यांनी पोलंड वाटून घेतला. पूर्व भागातील असंख्य कुटुंबांना १९४० पासून सैबेरिया व कझाकस्तानात हद्दपार करण्यात आले. १९४१ च्या करारानंतर सुटका झालेल्यांपैकी हजारो जण इराणमार्गे बाहेर पडले. जामनगरचे महाराज दिग्विजयसिंहजी यांनी १९४२ साली बालाचडी येथे पोलिश मुलांना आश्रय दिला. पुढे १९४३ मध्ये कोल्हापूर संस्थानातील वळिवडे येथे मोठी छावणी उभी राहिली. तेथे सुमारे ५,००० निर्वासित राहत. त्यांत स्त्रिया व मुलेच अधिक. कर्ते पुरुष बहुधा सैन्यात होते.

जवळून पंचगंगा वाहत होती आणि कोल्हापूर-मिरज लोहमार्ग जात होता. त्या माळावर बराकींच्या लांब रांगा होत्या. परंतु रहिवाशांनी दारापुढे बागा फुलविल्या. चर्च, शाळा, इस्पितळ, नाट्यगृह उभे राहिले. बर्फाच्या प्रदेशातील माणसे दख्खनच्या पावसाळ्यात नाताळची वाट पाहू लागली. छावणीचे गाव झाले, आणि गावाचे धर्मग्राम.

युद्ध संपले, तरी परतीची वाट मोकळी झाली नाही. सीमा बदलल्या होत्या. अनेकांची मूळ गावे सोव्हिएत संघात गेली होती. म्हणूनच १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली, तेव्हा थोडेच पोलंडला परतले. अनेकांनी इंग्लंड, ऑस्ट्रेलिया अशा देशांची वाट धरली. त्यांच्या बराकींत फाळणीने बेघर झालेले सिंधी बांधव आले, आणि तेथे आजचे गांधीनगर वाढले. एका निर्वासितांच्या गावावर दुसऱ्यांचे गाव वसले! मागे उरल्या त्या कोल्हापुरातील पोलिश कबरी आणि महावीर उद्यानातील स्मृतिस्तंभ.

आमची गावे २००२ पासून महानगरपालिकेच्या हद्दीत आहेत. आम्हाला कोणी हद्दपार केलेले नाही. तरीही पाणंदी, शेते व मिठागरे यांची नावे मुलांच्या ओठांवरून नाहीशी होत आहेत. घर हरपलेल्यांनी परक्या माळावर आपले गाव उभारले. घरातच असलेल्या आपण आपल्या गावाचा नकाशा मुलांच्या हाती द्यायला नको काय?