प्रवाशांच्या नजरेतली दिवाळी

परमुलखातून आलेल्या प्रवाशाला दिवाळीत प्रथम काय दिसत असेल? अर्थातच दिवे. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात इटालियन व्यापारी निकोलो कोंती विजयनगरात होता. लोक देवळांच्या आत आणि बाहेर छपरांवर असंख्य तेलाचे दिवे लावतात व ते रात्रंदिवस तेवत ठेवतात, असे त्याच्या वृत्तांतात आहे. (हा वृत्तांत त्याच्या तोंडून ऐकून पोज्जो ब्राच्चोलिनी याने लॅटिनमध्ये उतरवला.) सणाचे नाव तेथे नाही, दिवे कशासाठी, याची विचारपूसही नाही. ती दिवाळीच असावी हा तर्क आहे, आपण मात्र ती वस्तुस्थिती मानून चालतो.

१६२३ च्या ऑक्टोबरात पिएत्रो देल्ला व्हाल्ले इक्केरीच्या वाटेवर घाटात होता. त्याने नाव दिले, आणि हाच सण आदल्या वर्षी इराणच्या किनाऱ्यावर बंदर अब्बासला पाहिल्याची आठवण नोंदवली. ओळख पटली ती परदेशात पाहिलेल्या दिवाळीवरून, ही गंमतच!

पण या दोघांच्या कितीतरी आधी, १०३० च्या सुमारास, अल्बेरूनीने जे लिहिले त्याची सर कशालाच नाही. कार्तिकाच्या पहिल्या दिवशी लोक स्नान करून नवी वस्त्रे लेतात, विडा-सुपारी देतात, देवळांत दानधर्म करतात, दुपारपर्यंत खेळतात आणि रात्री जागोजाग दिवे लावतात, हे तो सांगतोच. शिवाय तो कारणही सांगतो: सातव्या पाताळात बंदी असलेल्या विरोचनपुत्र बळीला लक्ष्मी वर्षातून एकदा सोडते. म्हणून या सणास 'बळीराज्य' म्हणतात. कृतयुगातल्या त्या सुखाच्या काळासारखा हा दिवस, म्हणून लोक आनंदात असतात.

हे त्याने डोळ्यांनी किती पाहिले आणि पंडितांकडून किती ऐकले, हा वादाचा विषय. माझा कल ऐकण्याकडे आहे. नुसत्या दिव्यांकडे पाहून बळी दिसत नाही. ख्वारिज्म जिंकल्यावर, १०१७ साली, महमुदाने ज्याला गझनीला नेले, त्या माणसाने एका दिवसापुरत्या सुटलेल्या राजाची ही कथा टिपून ठेवली. आमच्याकडे पाडव्याला ओवाळताना बायका आजही बळीचे राज्य मागतात. गझनीतल्या त्या पंडिताला हे मागणे समजावून सांगावे लागले नसते.